वीटभट्टीमागील वनावर धाकट्यांनी फत्ते केली ती हकीकत

ज्या साली थोरल्या वहिनींस नवी कवळी बसली, आणि ती सैल निघाल्यामुळे वहिनींच्या जिभेचा पट्टा म्यान जाहला ऐसा घरात सर्वांचा गोड गैरसमज जाहला, त्याच साली वीटभट्टीमागील वनाच्या नेतृत्वाची थोर मोहीम घडली. मोहिमेत हत्ती नव्हते, तोफा नव्हत्या. परंतु थंडगार दालने होती, गळ्यात अडकवावयाची ओळखपत्रे होती, आणि दर मुक्कामी बिस्किटांसह चहा होता. जेथे चहा फुकट तेथे माणूस कोणत्या थरास जाईल याचा नेम नाही. जिंकणाऱ्यांनी आपली रंगीत पुस्तिका छापून वाटलीच आहे, आणि तीत निम्मी पाने झाडांची व निम्मी साहेबांची आहेत. सबब जे झाले ते जैसे झाले तैसे येथे मांडणे प्राप्त.

मोहिमेचे सरदार ते धाकटे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी उभी हयात काढिली, आणि हयातभर त्यांच्या हुद्द्यास 'उप' चिकटून राहिला, जैसे चपलेस च्युइंगम. उपलेखनिक होते, मग उपनिरीक्षक जाहले, मग उपअधीक्षक जाहले, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांस वेळ नव्हता म्हणून निरोपाचे भाषणही उपसाहेबांनीच केले. धाकटे विधुर, थोरल्या बंधूंच्या घरी राहात. थोरले पेशाने शिंपी, आणि बिऱ्हाड पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. दुकानात सुताचा बारीक भुगा आणि घरी खालचे उडते पीठ, या दोन फौजांनी मिळून थोरल्यांच्या छातीत ठाणे दिले, आणि उतारवयात श्वासाने फितुरी केली. गिरणी सकाळी सुरू जाहली की मांडणीवरची भांडी थरथरत, खिडकीच्या गजांवर पांढरा थर बसे, आणि थोरले खोकू लागत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी फर्माविले की औषध मी देतो, हवा मजपाशी नाही, घर बदला. घर बदलणे ऐपतीबाहेर, म्हणून थोरल्यांनी हवा बदलली. गिरणीचा पट्टा फिरू लागला की ते थर्मास घेऊन मागच्या वनात जाऊन बसत, आणि गिरणी थांबली की परत येत.

हे वन कोणी लाविले नव्हते. घरामागे बंद पडलेली वीटभट्टी, तिचा मातीसाठी खणलेला भला थोरला खड्डा, आणि खड्ड्याच्या काठाने खात्याची जलवाहिनी. ती वाहिनी गळत होती. दुरुस्तीचा कागद उपनिरीक्षक धाकट्यांच्या मेजावर आला, तेथून वर गेला, वरून शेरा घेऊन खाली आला, आणि तो ऐसा खाली-वर करीत होता तोवर खड्ड्यात पाणी झिरपले, पाखरांनी बी टाकिले, आणि खात्याच्या आळसावर एक अस्सल वन उभे राहिले. आत सावली ऐसी दाट की भर दुपारी अंगात पातळ सदरा असला तर शहारा यावा. तेथे एका तुटक्या सिमेंटच्या नळावर थोरले टेकत, डोळे मिटत, आणि पोटभर श्वास घेत. बाकी काही करीत नसत.

मग पालिकेच्या मोठ्या साहेबांची नजर त्या खड्ड्याकडे वळली. साहेबांस तेथे झाडे दिसली नाहीत. साहेबांस तेथे बहुमजली वाहनतळ दिसला. माणसे येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली. थोरले दिवसभर पिठात बसले तर येता हिवाळा काढीत नाहीत, हे डॉक्टरांनी जिन्यात धाकट्यांस बाजूला घेऊन सांगितले होते. तेव्हा वन राखणे म्हणजे भाऊ राखणे. मोहिमेचा हेतू येवढाच होता, आणि तो चांगला होता. चांगला हेतू डोक्यावर घेऊन निघालेला माणूस वाटेत काय काय खाली ठेवतो, तेच पुढे पाहावयाचे.

त्याच सुमारास फोनवर खबर आली की एका धनाढ्य संस्थेने नागरी वनांच्या संरक्षणासाठी नेते घडविण्याचे मनावर घेतले असून, त्यासाठी फेलोशिप नामे मनसब द्यावयाची आहे. वनांस पाण्याची तूट आहे, माळ्याची तूट आहे, ऐसे आजवर अडाणी लोक समजत होते. परंतु खरी तूट पुढाऱ्यांची आहे ऐसा शोध संस्थेस लागला होता. पूर्वी मनसबदारास घोडे बाळगावे लागत आणि ते गणतीस उभे करावे लागत. फेलोस घोडे नको. त्याने कळकळ बाळगावी आणि ती मधून मधून पडद्यावर दाखवावी. आणि मनसबीची खरी ताकद ऐसी की जेथे फेलो बसला तेथे पालिका कुदळ मारीत नसे, कारण मोठे साहेब स्वतः संस्थेच्या निवड दरबारात खुर्ची धरून होते, आणि आपणच पांघरविलेल्या शालीवर कुदळ मारणे साहेबांसही शोभत नव्हते.

धाकट्यांनी जेवताना हा मनसुबा घरात मांडिला. वहिनींनी कवळी काढून वाटीत ठेविली. ही त्यांची शस्त्र परजण्याची खूण.

"भाऊजी, झाडांना पुढारी कशाला हवा? ती काय मोर्चा काढणार आहेत?"

थोरले मध्ये पडले आणि म्हणाले की असू दे गं, बिचारा जन्मभर उप होता, आता पूर्ण होऊ दे. घरात हशा पिकला. धाकटेही हसले, परंतु हा बोल त्यांच्या वर्मी बसला, आणि त्या क्षणापासून मोहिमेस एकाऐवजी दोन हेतू जाहले. दुसरा हेतू त्यांनी कोणास सांगितला नाही. स्वतःसही नाही.

मग अर्ज रवाना जाहला, आणि तो पसंतीस येऊन संस्थेने एक मार्गदर्शक बाई धाडिली. बाई तरुण, हुशार, आणि चष्मा डोळ्यांवर कमी, केसांत जास्त. बाईंनी पांढरे बूट सांभाळीत वनाची पाहणी केली आणि अभिप्राय दिला की वन उत्तम आहे परंतु गोष्ट कच्ची आहे. दरबारात संकट विचारतात, आणि ज्या वनावर संकट नाही त्यास नेता मिळत नाही. धाकट्यांनी तत्काळ वाहनतळाचे संकट सादर केले. बाईंनी ओठांवर बोट ठेविले. ज्यांचा वाहनतळ तेच साहेब दरबारात बसणार. तेव्हा दुसरे संकट पैदा करावे ऐसा हुकूम जाहला.

मग दोघांनी झाडाखाली उभे राहून शत्रूचा शोध आरंभिला. वनात शेळ्या शिरतात, ऐसे धाकटे म्हणाले. परंतु शेळ्या नगरसेवकाच्या मेहुण्याच्या निघाल्या. कचरा पडतो म्हणाले. तर कचरा ज्या हॉटेलचा, त्याच हॉटेलात संस्थेचे सोहळे होत. पोरे चेंडू खेळून फांद्या मोडतात म्हणाले. तर पोरांस बाप होते, आणि बापांस मते होती. गिरणीचे पीठ पानांवर बसते म्हणाले. तर गिरणीवाला घरमालक, उद्या बिऱ्हाड खाली करावयास लावील. ऐसा जो जो शत्रू धरावा त्याच्या पाठीशी कोणी ना कोणी उभा. बाई हैराण जाहल्या, आणि इकडे तिकडे पाहता पाहता त्यांची नजर सिमेंटच्या नळावर गेली. तेथे एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. पायाशी थर्मास, कानात सुईत ओवून उरलेल्या दोऱ्याचा तुकडा, आणि छाती भात्यासारखी वर-खाली.

बाईंनी पुसले की हे कोण, आणि रोज बसतात काय. धाकटे म्हणाले की रोज बसतात. माझे थोरले बंधू, हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते, परंतु बाई वहीत काही लिहू लागल्या होत्या आणि त्यांचा चेहरा प्रथमच उजळला होता. तो उजेड धाकट्यांस मोडवेना.

"यांच्या पाठीशी कोणी आहे का?" बाई म्हणाल्या.

"नाही," धाकटे म्हणाले.

पाठीशी होते ते स्वतः धाकटे, आणि उत्तर देणारेही तेच. घरी येताना त्यांनी मनाची समजूत घातली की नाव तर घेतले नाही. आणि मनसब हाती आली की आपण नेते. मग भावास कोण अडवितो?

निवडीचा दरबार मोठ्या हॉटेलच्या तळघरात भरला. दालन ऐसे गार की मांस टिकावे. उमेदवार पुष्कळ. एका निवृत्त प्राध्यापकांनी काचेच्या चौकटीत एक पान आणिले होते आणि त्या पानास ते 'माझे गुरू' म्हणत. एक बाई आपल्या टेकडीचे वर्णन करता करता रडल्या, आणि दरबाराने रडणे पसंत केले परंतु वेळ संपली म्हणून घंटी वाजविली. धाकट्यांची पाळी आली तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारणा केली की तुमच्या वनाचा मुख्य शत्रू कोण. धाकट्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले की अनियंत्रित मानवी वावर. इतके बोलून थांबते तरी पुष्कळ होते. परंतु साहेब पुढे झुकले, साहेब ऐकत होते, आणि जन्मात कोणी साहेब धाकट्यांचे ऐकण्यासाठी झुकला नव्हता. मग धाकट्यांच्या जिभेस पालवी फुटली. त्यांनी कथन केले की एक वृद्ध इसम सकाळपासून दिवे लागेपर्यंत वनात ठाण मांडून असतो. तो बसतो तेथले गवत मेले आहे. आणि तो ऐसा खोकतो की घरट्यांतील पाखरे अंडी सोडून उडतात. दरबाराने हळहळून माना डोलाविल्या. साहेबांनी विचारले की त्या इसमाचे मन वळवू शकाल काय. धाकटे म्हणाले, होय. आणि त्याच बैठकीत मनसब त्यांच्या नावे जाहली.

पुढे समस्त नवे नेते तालमीसाठी एका सरोवराकाठच्या विश्रामगृहात डेरेदाखल जाहले. सरोवर खिडकीतून दिसे. तेथे त्यांस नेतृत्व शिकविले, ते ऐसे की गोल उभे राहून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकावा, आणि मग डोळे मिटून मागे पडावे व मागच्याने झेलावे, म्हणजे विश्वास वाढतो. परंतु सर्वच नेते, सर्वच पुढे उभे. मागे कोणी राहीना. काचेतल्या पानाचे प्राध्यापक विश्वासाने मागे पडले ते थेट गालिच्यावर, आणि कंबर धरून उरलेली तालीम त्यांनी खुर्चीतून केली. संपूर्ण मुक्कामात एका झाडास कोणी हात लावला नाही, कारण बाहेर ऊन होते.

धाकटे परतले ते खिलत घेऊन: हिरवे बिनबाह्यांचे जाकीट, छातीवर पानाची खूण, पानाखाली 'नेता'. आणि ते परत येण्याआधीच संस्थेने वनाभोवती तारेचे कुंपण घालून फाटक बसविले, फाटकावर पहारेकरी नेमिला, आणि आत कोणी फिरकू नये ऐसा फलक लाविला. दुसरे दिवशी गिरणीचा पट्टा फिरला आणि थोरले नेहमीप्रमाणे थर्मास घेऊन निघाले.

पहारेकऱ्याने आडवा हात केला. "आजोबा, आत जायचं नाही. वरपर्यंत तक्रार गेलीय."

"कोणाची?"

"कोण्या म्हाताऱ्याची. रोज येऊन खोकत बसतो म्हणे. तुम्ही पाहिलाय का त्याला?"

"पाहतो ना," थोरले म्हणाले. "रोज, दाढी करताना."

आणि ते माघारी वळले. जिना चढताना दर पायरीस थांबले. वर आले तेव्हा धाकटे आरशासमोर जाकिटाच्या गुंड्या लावीत होते. थोरले खाटेवर बसले, दम खाल्ला, आणि सवयीने प्रथम जाकीट पाहिले व म्हणाले की खांद्यात ढिलं आहे, काढून दे, आत घेतो. मग म्हणाले,

"धाकट्या, खरं सांग. त्यांनी शत्रू कोण विचारलं, आणि तुला मीच सुचलो?"

"मी नाव नाही घेतलं, दादा. वृद्ध इसम म्हणालो."

"मग ठीक. नाव घेतलं असतंस तर राग आला असता."

धाकटे तडक मार्गदर्शक बाईंकडे गेले आणि प्रथमच कबूल जाहले की तो इसम आपला सख्खा भाऊ, तरी त्यास आत बसण्याची मुभा मिळावी. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी चष्मा केसांतून काढिला, बराच वेळ पुसला, आणि समजाविले की संस्थेने शत्रू हटविण्यासाठी निधी दिला आहे. शत्रूस परत आत घेतले तर मोहीम फसली ऐसे ठरेल, निधी परत जाईल, मनसब जाईल, आणि मनसब गेली की साहेबांचा वाहनतळ दुसऱ्या दिवशी उभा. म्हणजे भाऊ आत घ्यावा तर वन जाते, आणि वन राखावे तर भाऊ बाहेर. ऐसा पेच धाकट्यांनी स्वतःच्या हातांनी विणिला होता, आणि तो इतका घट्ट बसला की त्यांस त्यात थोडे सुखही वाटले, कारण पेचात सापडलेल्या माणसास काही करावे लागत नाही. बाईंनी धीर दिला की वार्षिक पाहणी एकदा पार पडली की मग पाहू. धाकट्यांनी तो धीर जपून घरी आणिला.

घरी वहिनी वाट पाहात होत्या.

"भाऊजी, फाटकाची किल्ली आणलीत?"

"किल्ली संस्थेकडे असते, वहिनी."

"मग तुमच्याकडे काय असतं?"

"नेतृत्व," धाकटे म्हणाले.

ज्या बाईने दिराशी कधी शब्दाची उधारी ठेविली नव्हती ती गप्प जाहली, तेव्हा धाकट्यांस प्रथम भय वाटले. परंतु दुसरे दिवशी एका शाळेत त्यांचे भाषण होते, आणि पोरांनी टाळ्या फार वाजविल्या.

मग थंडीचे दिवस आले. गिरणीवर गर्दी वाढली. वहिनींनी खिडकीस ओली चादर बांधिली. ती दुपारपर्यंत कणकेच्या घडीसारखी ताठ होई. थोरले घरात टिकेनात म्हणून फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेस, प्लास्टिकच्या स्टुलावर बसू लागले, तारेस पाठ लावून. मोटारी धूर सोडीत जात. आतला गारवा तारेतून पाठीस थोडाबहुत लागे. पहारेकरी भला माणूस. आपला गमछा त्यांच्या पाठीशी दुमडून ठेवी, आणि पाहणीची स्वारी येणार ऐसे कळले की म्हणे आजोबा, तेवढं जरा पुढच्या वळणावर बसा. थोरले उठत, आणि वळणापर्यंत जाण्यास त्यांस जितका वेळ लागे तितक्यात स्वारी येऊन गेलेली असे.

वार्षिक पाहणीच्या दिवशी मात्र थोरले उठले नाहीत. त्यांच्याने उठवलेच नाही. मोटारी थांबल्या, मोठे साहेब उतरले, बाई उतरल्या, छायाचित्रकार उतरले, आणि सर्वांपुढे हिरव्या जाकिटात धाकटे. साहेबांची दृष्टी स्टुलाकडे गेली आणि त्यांनी पुसले की हे गृहस्थ कोण.

धाकट्यांचा हात फाटकाच्या दांड्यावर होता. माझा भाऊ आहे, याला आत घेऊ द्या, इतकेच बोलावयाचे होते. वहिनी वरच्या खिडकीत चादर बाजूस सारून उभ्या होत्या. पहारेकरी किल्ली हाती घेऊन उभा होता. फार काय, साहेबांस घाई होती. ते त्या क्षणी कशासही हो म्हणते. परंतु धाकट्यांनी साहेबांचा चेहरा पाहिला, बाईंचा पाहिला, आणि भावाचा पाहिला नाही.

"हेच ते, साहेब. आधी आत बसायचे. आता बाहेर बसतात."

साहेबांनी टाळ्या वाजविल्या, मग सर्वांनी वाजविल्या. साहेब वाकून, थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्याने विचारते जाहले की बाबा, आता तरी वनाचं महत्त्व कळलं ना?

"कळलं, साहेब," थोरले म्हणाले. मध्ये श्वास घेतला, तो पुरला नाही म्हणून आणखी एक घेतला. "आत होतो तेव्हा नुसता श्वास घ्यायचो. किंमत बाहेर बसल्यावर कळली."

मंडळी सद्गदित जाहली. छायाचित्र काढिले. ते पुस्तिकेत पान भरून आहे: साहेबांचा हात, थोरल्यांचा खांदा, मागे जाकीट, आणि त्याखाली थोरल्यांचे बोल, श्वास वगळून. मग स्वारी वनात शिरली आणि चहास वेळ होईल म्हणून लागलीच बाहेर आली. धाकटे मागे राहिले होते. त्यांनी भावाकडे पाहून दादा म्हटले. थोरल्यांनी हाताने खूण केली की जा, लोक थांबलेत तुझ्यासाठी. आणि लोक खरोखरच थांबले होते, म्हणून धाकटे गेले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली ती नोंद ऐसी. पालिकेने बहुमजली वाहनतळाचा मनसुबा सोडिला. पाहुण्यांच्या मोटारी उभ्या राहाव्या म्हणून फाटकाजवळची झाडे तोडून जागा तेवढी सपाट केली, आणि तीस हरित प्रांगण ऐसे नाव दिले. धाकट्यांस पुढील सालाची मनसब कायम जाहली, आणि परगावच्या नव्या नेत्यांस तालीम देण्याचा बहुमान मिळाला. वार्षिक अहवालात मजकूर लिहिला की वनातील मानवी अतिक्रमण समूळ नाहीसे जाहले असून संबंधित इसम पाहणीनंतर वनात अथवा वनाबाहेर पुन्हा आढळला नाही. त्याखाली धाकट्यांची सही आहे, वळणदार.

थोरले त्याच हिवाळ्यात, पाहणीनंतरच्या मंगळवारी, सकाळी गिरणी सुरू झाल्यावर वारले.